वक्ता पुरुष, शक्यता एक्याण्णव टक्के

इचलकरंजीत 'माग' म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे खडखडणारा, तेलकट, अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा यंत्रमाग. आणि दुसरा, सहा वर्षांपूर्वी कायदा झाला तेव्हापासून शाळाशाळांत बसवलेला, हूं की चूं न करणारा, पण भल्याभल्यांची बोबडी वळवणारा माग. पहिला कापड विणतो. दुसरा चित्रांचा माग काढतो. मैथिली बुगडला दोन्ही तोंडपाठ होते. पहिला वडिलांमुळे, म्हणजे आप्पांमुळे, आणि दुसरा स्वतःच्या हौसेनं.

त्या गुरुवारी कन्याशाळेच्या सभागृहात ती माइक धरून उभी होती आणि तिला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणताना घामाघूम व्हायची, हे सांगून कुणाला पटलं नसतं. बेलेकर मॅडमनी तिला वक्तृत्वाला उभं केलं, रोज मधल्या सुट्टीत घासूनपुसून घेतलं, "मी आलो नाही गं, मुली, मी आले! 'मी आलो' मुलगे म्हणतात," असं शंभरदा बजावलं, आणि जिल्ह्याचा करंडक आला तेव्हा नववी 'ब'नं तिला खांद्यावर घेतलं. तेव्हापासून ती शाळेच्या मागाची प्रमुख होती. छातीवर बिल्ला होता. निळा.

"मैत्रिणींनो," ती म्हणाली, "समजा, माझ्या वडिलांच्या मागाची फणी एका जागी वाकली. फणी म्हणजे उभे धागे वेगळे ठेवणारा लांबलचक कंगवा. त्याचा एक दात वाकडा झाला, की त्या मागावर निघणाऱ्या प्रत्येक ताग्यात त्याच जागी एक बारीक रेघ येते. तुम्हाला-मला दिसणार नाही. पण माझे वडील नुसता हात फिरवून सांगतात, हा तागा अकरा नंबरच्या मागावरचा! कॅमेऱ्याचंही अगदी तसंच आहे. आत प्रकाश टिपणारे लाखो ठिपके असतात. त्यातले काही जन्माचे हावरट, काही जन्माचे आळशी. दोन कॅमेऱ्यांचे हावरट ठिपके कधीच सारखे नसतात. त्यामुळे प्रत्येक फोटोवर त्या त्या कॅमेऱ्याची रेघ उमटते आणि माग ती वाचतो."

"आणि फोटोचं कार्टून केलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"छान प्रश्न! यंत्रानं चित्र नव्यानं काढलं की ती रेघ पुसली जाते. मग माग शब्द वाचतो. लिहिणारा वाक्य कुठं मोडतो, कोणते शब्द वापरतो, क्रियापद कसं चालवतो. त्यावरून वय, लिंग आणि मुलूख यांचा अंदाज देतो. आणि मूळ व्हिडिओ हाती लागला तर विचारूच नका! त्याचा ठसा, म्हणजे एक लांबलचक आकडा, मागाला मिळाला की त्याच्या सगळ्या नकला, कापलेल्या, रंगवलेल्या, उलट्या केलेल्या, जगात असतील तिथून उसवून काढता येतात. कडेचा योग्य दोरा ओढला की अख्खी शिवण सुटते, तशा."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. हेडबाईंनी स्वतः पाठ थोपटली. कारण ही सभा काही उगाच भरलेली नव्हती. नववी 'ब'च्या कादंबरी कलागतेचं स्टिकर गावभर फिरत होतं, मुलगी आठ दिवस शाळेत आली नव्हती, आणि ते कुणी केलं हे शाळेला शोधून काढायचं होतं.

टाळ्या वाजत होत्या आणि मैथिली छातीवरचा बिल्ला सरळ करत होती. ते स्टिकर तिनंच केलं होतं.

*

झालं होतं असं. शाळेच्या व्हॅनमध्ये अकरा मुली आणि बाबासो मामा. मामा म्हणजे व्हॅनचे ड्रायव्हर बाबासो चौगुले, खांद्यावर कायम टॉवेल, तोंडात तंबाखू, आणि "पोरींनू, हात आत!" हे एकच पालुपद. त्या दिवशी भेंड्या रंगल्या होत्या आणि मैथिली शेवटच्या सीटवरून, कुणाला न सांगता, फोनवर त्यांचा व्हिडिओ काढत होती. 'ट' आला. कादंबरीची पाळी होती. ती काहीच म्हणेना. मग तिची मान एका बाजूला वळली, डावा हात झटके द्यायला लागला आणि हिरव्या रिबिनीच्या दोन्ही वेण्या नाचायला लागल्या. ती सीटवरून खाली घसरली.

कुणी किंचाळलं. कुणी म्हणालं, चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा. मामांनी व्हॅन कडेला घेतली, धावत मागं आले, "कायबी हुंगवायचं न्हाई, सरका!" म्हणत तिला कुशीवर वळवलं, टॉवेलची घडी डोक्याखाली सारली आणि घड्याळ बघत बसून राहिले. त्यांच्या थोरल्या बहिणीला फिट यायची, त्यांना ठाऊक होतं. दोनेक मिनिटांनी कादंबरीनं डोळे उघडले.

मैथिलीचा फोन तोवर चालूच होता. त्यातल्या एक्केचाळीस सेकंदांत कादंबरी होती.

पुढचं तिनं का केलं? हा प्रश्न तिनं स्वतःला नंतर इतक्यांदा विचारला की त्याचा चोथा झाला. खरं उत्तर फार बारकं होतं. तिला आता लोकांना हसवता येत होतं, आणि ती चव लागली होती. घरी जाऊन तिनं त्यातले दोन सेकंद एका ॲपला दिले, कार्टून करून मागितलं. चेहरा नको, नुसत्या वेण्या आणि हात. चेहराच नाही तर कुणाला कळतंय, असं म्हणून मनाला गप्प केलं. खाली ओळ टाकली, 'मी अजून दमलो न्हाई!' आणि गावातल्या एका निनावी कट्ट्यावर सोडून दिलं. त्या कट्ट्यावर नाव टिकत नाही, दर चोवीस तासांनी सगळं आपोआप पुसलं जातं.

स्टिकर मात्र पुसलं गेलं नाही. चेहरा नव्हता, पण हिरव्या रिबिनी होत्या आणि डावा हात होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरी वेण्या झटकत 'कादू डान्स' करत होत्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला ढोल लावला, कुणी हत्तीचं डोकं बसवलं, कुणी सांगलीहून, कुणी लातूरहून. आणि जी गोष्ट कलागत्यांच्या घरानं सहावीपासून दार लावून जपली होती, ती चौकातल्या चहाच्या गाड्यावर कळली.

*

शुक्रवारी मागाचा अहवाल आला. हेडबाई मूळच्या पुण्याच्या, छापील कागदावर त्यांचा फार भरवसा. ऑफिसात त्या होत्या, बेलेकर मॅडम होत्या, आणि समोर टॉवेलशी चाळा करत बाबासो मामा उभे होते.

"मैथिली, तू प्रमुख आहेस. वाच."

मैथिलीनं वाचलं. आवाज कसा काय निघाला कोण जाणे. अगदी स्पर्धेतला, खणखणीत.

"मूळ कॅमेरा, अज्ञात. मजकूर, 'मी अजून दमलो न्हाई.' मुलूख, दक्षिण महाराष्ट्र. क्रियापद पुल्लिंगी. वक्ता पुरुष, शक्यता एक्याण्णव टक्के."

"ऐकलंत, चौगुले?" हेडबाई म्हणाल्या. "व्हॅनमध्ये अकरा मुली होत्या. पुरुष कोण होतं तुमच्याशिवाय?"

"बाई, मी कशाला आसलं करू? मला त्या फोनात गाणं लावाय जमत न्हाई नीट."

"मग कुणाच्या हातात फोन पाहिलात का?"

मामांनी मान वर केली. एकदाच मैथिलीकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मी काय बघितलो न्हाई," ते म्हणाले.

बेलेकर मॅडमच्या कपाळावर एक आठी पडली. त्यांचं बोट अहवालातल्या 'दमलो'वर जाऊन थांबलं. मग त्यांनी कागद हेडबाईंपुढे सरकवला. एक्याण्णव टक्क्यांपुढे कोण बोलणार?

त्या दिवशी घराच्या उंबऱ्यातून मैथिली नेहमीसारखी ओरडली, "आई, मी आलो!" आणि जागच्या जागी थबकली. जणू कुणी मागून खांद्यावर हात ठेवला होता. आई आतून म्हणाली, "आलीस तर ये की आत, दारात का थांबलीयास?" आणि पुढं तीही तसंच म्हणाली, "मी भाकऱ्या करून दमलो बघ आज."

इथं सगळ्याच अशा बोलतात. आज्या, आया, पोरी. मी आलो, मी जातो, मी दमलो. शाळेच्या वहीत 'आले' लिहायचं आणि चुलीपुढं 'आलो' म्हणायचं. माग ज्यांनी बांधला त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि इथल्यांना सांगायचं सुचलं नव्हतं, कारण स्वतःची जीभ कुणाला ऐकू येते?

मैथिलीला ऐकू आली होती.

*

शनिवारी दुपारी कादंबरीच्या आईचा फोन आला, कादू तुला बोलावतीया म्हणून. कळलं, मैथिलीला वाटलं. कळलंच. पण दारात कादंबरीच्या आईनं तिचा हातच धरला.

"ये बाई. तू तरी आलीस. दुसरी एक पोरगी फिरकली न्हाई. थोरल्या ऋतुजाला बघाय येणार हुते उद्या. सकाळी निरोप आला, नको म्हणून. धाकटीला हाय म्हणजे थोरलीलाबी आसंल म्हणत्यात." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि पोह्यांची बशी आणायला आत गेल्या.

कादंबरी पलंगावर मांडी घालून बसली होती. वेण्या नव्हत्या. केस खांद्यापर्यंत कापले होते, बहुतेक घरीच, कारण एक बाजू वर, एक बाजू खाली होती.

"बघू नको तशी. कात्री बोथट हुती," ती म्हणाली. मग मांडीवरची डिजिटल पाटी फिरवून दाखवली. "हे बघ, माझं कापड आलंय."

कायद्यानं ज्याचं चित्र असेल त्याला माग ते कापड पाठवतो. चित्र जसंच्या तसं ज्यानं ज्यानं पुढं ढकललं त्याचा एकेक धागा, धाग्यावर नाव. कुठल्या धाग्याला जाब विचारायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे त्या माणसानं ठरवायचं. पडद्यावर निळं-पांढरं, सुंदर म्हणावं असं विणकाम पसरलं होतं.

"तीनशे चौदा धागे. साडी हुईल का गं? का नुसता पोलका?" कादंबरी हसली, पण ते हसू ओठाच्या कडेलाच विरलं. "ही आपल्या वर्गातली सानिका. ही माझी चुलतभैण, सख्ख्या काकाची. ह्या सायन्सच्या बाई. बाईंनी पुढं हसून हसून रडणारं तोंडबी लावलंय."

मैथिलीनं पलंगाच्या चादरीची सुरकुती सरळ केली.

"आणि मी तुला शोधलो. दोन येळा शोधलो, वरनं खाली. तू न्हाईस." कादंबरीनं तिच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, पण त्यात काहीतरी लकाकत होतं. "समद्या वर्गात तू एकलीच निघालीस, मैथ्ये. म्हणून बोलावलो."

पोह्यांची बशी आली. वर खोबरं होतं, लिंबाची फोड होती. मैथिलीनं घास घेतला, तो तोंडातच फिरत राहिला.

तिचं नाव कापडात नव्हतं हे खरंच होतं. तिनं स्टिकर पुढं ढकललं नव्हतं. ज्यानं सोडलं त्याला ढकलायची काय गरज?

"आणि हा पहिला," कादंबरीनं कडेचा एक धागा बोटानं दाखवला. कोरा. त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'पुरुष, ९१%'. "मामा म्हणत्यात समदी. पण मला जाग आली तवा डोस्क्याखाली त्यांचा टॉवेल हुता. तंबाखूचा वास येत हुता, मळमळलं मला. टॉवेल ठेवणारा माणूस असं करंल व्हय? सांग की. तू ह्यातली एक्स्पर्ट."

हीच ती वेळ होती. दार उघडं होतं, खोलीत दोघीच होत्या. मैथिलीनं श्वास घेतला, आणि तिच्या तोंडून, तिच्या त्या करंडक जिंकणाऱ्या तोंडून शब्द निघाले:

"एक्याण्णव टक्के आहे गं. म्हणजे खूपच असतं."

कादंबरीनं मान डोलावली. डोळ्यांतलं काहीतरी विझलं. "मग आसंल," ती म्हणाली.



*

रविवारी सकाळी तिनं खोलीला आतून कडी घातली आणि मूळ व्हिडिओ उघडला. त्यातले दोन सेकंदच तिनं कापून घेतले होते. आवाजासकट सगळा तिनं कधीच बघितला नव्हता. आता बघितला. आधी भेंड्या. मग गोंधळ. मग एक आवाज, खिदळणारा, "ए, नाटक करालीय बघा ही!" तो तिचा स्वतःचा होता. आणि मग मामांचा, जवळून, धापा टाकत, बाकीच्यांच्या आरडाओरड्यात बुडालेला:

"मैथिली! फोन ठेव खाली. पोरगी आजारी हाय."

मैथिलीनं व्हिडिओ थांबवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मामांनी नाव घेतलं होतं. मामांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ऑफिसात हेडबाईंनी फोनबद्दल विचारलं तेव्हा ते घड्याळाकडे बघत राहिले, ते काही सुचेना म्हणून नव्हे.

मागात एक सोय होती, 'निनावी परत करा.' व्हिडिओ फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा ठसा फोनच्या आतच काढला जातो आणि तेवढा आकडा मागाकडे जातो. आकड्यावरून चित्र परत बनत नाही, जसं विणीच्या घरांची संख्या सांगून स्वेटर अंगात घालता येत नाही. म्हणजे तिचं नाव जाणार नव्हतं, तिचं खिदळणं जाणार नव्हतं, आणि नकला मात्र उसवणार होत्या. मैथिलीनं बटण दाबलं. मनात कुठंतरी वाटलं, झालं, फेडलं.

दुपारपर्यंत हत्तीच्या डोक्याचं स्टिकर गेलं. चहाच्या वेळेपर्यंत ढोलवालं गेलं, लातूरचं गेलं. सगळ्यांच्या फोनवर एकच राखाडी चौकोन उरला. त्यात लिहिलं होतं, 'हे चित्र तिच्याकडे परत गेले आहे.'

त्या आकड्याबरोबर मामांचा आवाज मात्र गेला नाही. त्यांना सोडवेल असा जगातला एकमेव पुरावा मैथिलीच्या फोनमध्येच पडून राहिला.

सोमवारी प्रार्थनेनंतर हेडबाई म्हणाल्या, "मूळ चित्र कुणीतरी परत केलेलं आहे. अर्थात कुणी, ते आपण समजू शकतो. आपण मागे लागलो तेव्हा संबंधित व्यक्ती घाबरली. उद्यापासून व्हॅनला नवे चालक येतील, आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल. मागाच्या मुलींचं, विशेषतः मैथिलीचं, अभिनंदन!"

टाळ्या. पुन्हा टाळ्या. फेडणं कसलं? तिनं मामांच्या गळ्यातला दोर आणखी आवळला होता.

*

संध्याकाळी ती आप्पांना डबा द्यायला कारखान्यात गेली. आप्पा माग बंद करून बसले होते, म्हणजे काहीतरी आक्रीतच. मांडीवर एक तागा, परत आलेला. ते काठाला सुईनं लाल दोऱ्याचा तुकडा ओवत होते. कापडात जिथं दोष तिथं काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे कापणाऱ्याला कळतं आणि तो तेवढी जागा सोडतो.

"काय झालं ओ आप्पा?"

"फणी वाकडी. मीच वाकवलो परवा, पाना पडला हातातनं. म्हटलं, बारीक हाय, कुणाला दिसतंय." त्यांनी दात लावून दोरा तोडला. "तीनशे मीटर गेला तसाच."

"मालकांना कळलं?"

"मी सांगितलो."

"ओरडले?"

"मग काय पेढा देतील? आईमाईवरनं ओरडले." आप्पांनी डबा उघडला, भाजी बघितली, तोंड वाकडं केलं. "परत दोडका. बस, खा की माझ्यासंगं. अशी का दिसालीस? पडलीस काय कुठं?"

"व्हय," मैथिली म्हणाली.

"लागलं?"

मैथिली पुढच्या मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे पळणारा धोटा बघत होती.

*

मंगळवारी तिनं स्वतःच सगळ्यांना ऑफिसात बोलवायला सांगितलं. हेडबाईंना वाटलं, प्रमुखाला आणखी काहीतरी सापडलं. कादंबरी आईबरोबर आली, ओढणीनं डोकं झाकून, मांडीवर ती पाटी घेऊन. मामा कोपऱ्यात उभे होते, व्हॅनची किल्ली परत द्यायला आलेले. बेलेकर मॅडमनी जबाब नोंदवण्यासाठी माग चालू केला. हिरवा दिवा लागला.

मैथिलीनं निळा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. भाषण तिनं पाठ केलं होतं. चांगलं होतं ते. त्यात 'अक्षम्य' असा शब्दही होता. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"ते स्टिकर..." ती म्हणाली. "ते माझ्याकडून झालं."

हेडबाई म्हणाल्या, "काय झालं? अहवालात तर..."

"कुणाकडनं झालं?" कादंबरीनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "आपोआप झालं? पाऊस पडला तसं झालं?"

"कादे, मी..."

"नीट म्हण."

मैथिलीनं तिच्याकडे बघितलं. वरखाली कापलेल्या केसांकडे. मांडीवरच्या कापडाकडे, कडेच्या त्या कोऱ्या धाग्याकडे. मग जे तोंडून बाहेर आलं ते शाळेचं नव्हतं, करंडकाचं नव्हतं. चुलीपुढचं होतं.

"मी केलो," ती म्हणाली. "मी काढलो व्हिडिओ. मीच ते कार्टून केलो. मीच टाकलो. मामांनी फोन खाली ठेव म्हटलेलं, मी ठेवलो न्हाई. आणि शनिवारी तुझ्या घरात बसून, पोहे खात, मी त्यांच्यावर ढकललो."

टिंग, असा बारीक आवाज झाला. सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या पडद्याकडे वळल्या. माग इमानेइतबारे आपलं काम करत होता.

'जबाब नोंदवला. वक्ता पुरुष, शक्यता चौऱ्याण्णव टक्के.'

हेडबाईंनी पडद्याकडे बघितलं, मग समोर उभ्या दोन वेण्यांच्या पोरीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. बेलेकर मॅडमनी डोळे मिटून घेतले. "मला शुक्रवारीच बोलायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. "दोन वर्षं मीच तर हिचं 'आलो' खोडत होते."

"आवो, हिकडच्या समद्या पोरी आसंच बोलत्यात की," मामा कोपऱ्यातून म्हणाले. जणू ही काय विचारायची गोष्ट आहे! "माझी बायकोबी बोलती."

"मग चौगुले, तुम्ही सांगितलं का नाही? तुम्ही तर हिला पाहिलं होतंत!"

मामांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नाव घेतलो असतो तर सांजच्याला हिचंबी कापड निघालं असतं, हेडबाई. एका पोरीचं निघालंय तेवढं बास झालं, म्हटलं. हिचं हिला सुचंल."

मैथिलीला वाटलं, जमीन दुभंगावी. जमिनी अशा वेळी दुभंगत नाहीत. फरशीवरचा शाईचा डाग तेवढा दिसत राहतो. तिनं फोन टेबलावर ठेवला. "ह्यात मामांचा आवाज आहे. चित्र नका बघू. नुसता आवाज ऐका."

हेडबाई बालसमितीबद्दल, कायद्याबद्दल, पालकांना बोलावण्याबद्दल बोलू लागल्या. कादंबरीच्या आई पदर तोंडाला लावून मैथिलीकडे बघत होत्या. शनिवारी त्यांनीच तिचा हात धरला होता.

कादंबरी खाली मान घालून पाटीवर काहीतरी करत होती. पहिल्या धाग्यावर तिनं बोट ठेवलं. 'पुरुष, ९१%' वर आडवी रेघ मारली. मग सावकाश, एकेक अक्षर, बोटानं लिहिलं. लिहिताना डावा हात किंचित थरथरला, म्हणून तिनं उजव्या हातानं मनगट धरलं आणि पुरं केलं.

मग पाटी फिरवून मैथिलीपुढं सरकवली. डोळे कोरडे होते. त्यात राग होता का, मैथिलीला कळलं नाही. शनिवारची ती लकाकी मात्र नव्हती.

"बघ," कादंबरी म्हणाली. "नाव बरोबर लिहिलो का?"

नाव असलेले आता तीनशे पंधरा धागे झाले होते. मैथिलीनं पहिला वाचला. वेलांटी, थ, ळ नव्हे ल, सगळं जिथल्या तिथं होतं.

"बरोबर लिहिलीस," ती म्हणाली.